नर्सरीतली हवा: खिडकी कधी उघडायची, कधी लावायची

आमच्या नर्सरीत सव्वादहाला गोल असतो. बावीस पोरं लादीवर मांडी घालून बसतात, सोबत आम्ही दोघी शिक्षिका आणि मावशी. खोली वीस बाय पंधरा फुटांची, मुलुंडमधल्या एका जुन्या सोसायटीच्या तळमजल्यावरची. तीन वर्षांपूर्वी एप्रिलातल्या एका दिवशी खिडक्या घट्ट लावून एसी चालू होता आणि फळीवर एका मुलीच्या बाबांनी दिलेलं छोटं यंत्र होतं, कार्बन डायऑक्साइड मोजणारं. देताना ते एवढंच म्हणाले होते, "टीचर, आठवडाभर असू द्या, मग बोलू." पाऊण तासात आकडा २,३४० पीपीएमवर गेला, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग. मोकळ्या हवेत तो साधारण ४२० असतो.

म्हणजे पंचवीस जणांनी सोडलेला श्वास खोलीतच फिरत होता आणि आम्ही तोच पुन्हा आत घेत होतो. अकराच्या सुमाराला पोरं किरकिर करतात, डोळे चोळतात, एकमेकांना ढकलतात. त्याला आम्ही इतकी वर्षं भूक म्हणत आलो. थोडी भूक असेलही. पण त्या दिवशी खिडक्या उघडल्या आणि पंधरा मिनिटांत माझंच जड झालेलं डोकं हलकं झालं. घराघरांत असतो तो स्प्लिट एसी खोलीतलीच हवा ओढतो, थंड करतो आणि परत खोलीतच सोडतो. गारवा जाणवतो म्हणून हवा ताजी वाटते, इतकंच.

मग आम्ही खिडक्या उघड्या ठेवायला लागलो आणि स्वतःवर खूश झालो. डिसेंबरात शेजारची तीन मजली इमारत रिडेव्हलपमेंटसाठी पाडायला घेतली आणि फळीवरच्या दुसऱ्या यंत्रावर, बारीक धूळ मोजणाऱ्या, १८० दिसलं. खिडकी लावावी तर श्वास कोंडतो, उघडावी तर धूळ येते. मुंबईतल्या नर्सरीचा, पाळणाघराचा, बालवाडीचा सगळा पेच या एका कडीत अडकलेला आहे. त्यामुळे 'प्युरिफायर कुठला घेऊ?' असं विचारत कुणी आलं, की मी त्यांना आधी खिडकीपाशी नेते.

पोरांचं वेगळं काय असतं

तीन-चार वर्षांचं मूल शांत बसलेलं असताना मिनिटाला साधारण २२ ते ३४ श्वास घेतं. मोठं माणूस १२ ते २०. वजनाच्या हिशेबाने पोराच्या पोटात, म्हणजे छातीत, आपल्यापेक्षा कितीतरी जास्त हवा जाते. फुफ्फुसातले हवेचे फुगे जन्मानंतरही वाढत असतात, श्वासनळ्या अरुंद असतात, थोडी सूज आली तरी घरघर सुरू होते. शिवाय पोरं जमिनीलगत राहतात. जी धूळ आपल्या घोट्याशी असते ती त्यांच्या नाकाशी असते. अॅडेनॉइड (नाकामागची गाठ) वाढलेलं मूल तोंडाने श्वास घेतं, म्हणजे नाकातली गाळणीही बाद.

पहिली पायरी: आठवडाभर नुसतं मोजा

काहीही बदलण्याआधी मोजा. दोन गोष्टी मोजायच्या. कार्बन डायऑक्साइडचा आकडा सांगतो की खोलीतली हवा बदलते आहे की नाही. पीएम २.५ चा आकडा सांगतो की हवेत अडीच मायक्रॉनहून बारीक कण किती आहेत. आपला केस पन्नास-सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. कार्बन डायऑक्साइडचं यंत्र घेताना त्यात एनडीआयआर जातीचा सेन्सर आहे ना, हे विचारा. स्वस्त यंत्रांमध्ये पुष्कळदा वासावरून अंदाजाने आकडा दाखवतात. मावशींनी लादी पुसली की तो उडी मारतो.

यंत्र शिक्षिकेच्या टेबलावर ठेवू नका. पोरं बसतात तिथे, जमिनीपासून दोनेक फुटांवर, खिडकी आणि पंख्यापासून लांब आणि कुणी थेट त्यावर श्वास सोडणार नाही असं ठेवा. एक वही करा: पोरं येण्याआधी, गोलानंतर, डब्याच्या वेळी, सुटल्यावर. चारच नोंदी. त्यापुढे 'एसी चालू', 'बाहेर टेम्पो उभा', 'केर काढला' असं काहीतरी दोन शब्दांत लिहा. आकड्यांपेक्षा हे शब्दच पुढे कामी येतात.

आकडे कसे वाचायचे? कार्बन डायऑक्साइड ८०० च्या खाली असेल तर उत्तम, १,००० पर्यंत ठीक, १,५०० च्या वर गेला तर हातातलं काम टाकून खिडकी. पीएम २.५ साठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये चोवीस तासांची सरासरी घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम इतकी खाली आणली. आपल्याकडचं २००९ चं राष्ट्रीय मानक ६० आहे. मुंबईत हिवाळ्यात १५ गाठणं अवघड, आणि ६० वर समाधान मानणं मला पटत नाही. खिडक्या लावून फिल्टर चालू असताना वर्गात ३० च्या आत राहायचं, अशी मी माझ्यापुरती रेघ आखली आहे. पावसाळ्यात एक लक्षात ठेवा: ही लहान यंत्रं दमट हवेत धूळ आहे त्याहून जास्त दाखवतात.

आता एक फुकटची चाचणी. पोरं सुटली की खिडक्या रोजच्यासारख्या ठेवा, सगळ्यांनी बाहेर पडा आणि आकडा किती वेळात उतरतो ते बघा. बाहेरच्या ४२० पेक्षा जितका जास्त होता, तो फरक एक-तृतीयांशाच्या जरा वर येईपर्यंत जितका वेळ लागला, तितक्या वेळात खोलीतली हवा एकदा बदलली असं धरायचं. समजा १,६२० होता, म्हणजे फरक १,२००. तो ४४० वर, म्हणजे आकडा ८६० वर यायला एक तास लागला, तर तासाला एक बदल. बारा मिनिटं लागली तर तासाला पाच. आमच्या खोलीत एसी लावून बंद खिडक्यांना पाऊण तास लागला. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडल्यावर नऊ मिनिटं. मला यापुढे कुणी काही पटवून द्यायची गरजच राहिली नाही.

दुसरी पायरी: खिडकीचं घड्याळ

मुंबईची हवा दिवसातून दोनदा तोंड फिरवते. दुपारच्या सुमाराला समुद्राकडून वारा सुटतो आणि शहरातला धूर-धुरळा पूर्वेकडे ढकलतो. रात्री जमीन गार पडली की वारा मंदावतो, उलटा जमिनीकडून येतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत रात्रीची गार हवा खाली बसते, तिच्यावर उबदार हवेचं झाकण पडतं आणि गाड्या, भट्ट्या, बांधकामं, जाळलेला कचरा यांचा सगळा धूर त्या झाकणाखाली साचतो. पहाटेपासून साधारण दहापर्यंत तो जमिनीलगतच असतो. आणि बहुतेक नर्सऱ्यांची पहिली बॅच नऊला भरते. म्हणजे वर्षातल्या सर्वांत वाईट महिन्यांत, दिवसातल्या सर्वांत वाईट वेळी, आपण पोरांना 'सकाळची ताजी हवा' म्हणून घसरगुंडीवर सोडतो.

आम्ही थंडीच्या चार महिन्यांत मैदानी खेळ नऊवरून साडेअकराला नेला. पालकांना विचित्र वाटलं, ऊन लागेल म्हणाले. डिसेंबरातलं साडेअकराचं ऊन कुणाला लागत नाही, टोपी घाला. 'समीर' या अॅपवर किंवा 'सफर'च्या पानावर आपल्या जवळच्या हवा मोजणाऱ्या सरकारी केंद्राचा आकडा दिसतो. तो रोज सकाळी आठला बघायचं काम वाटून घ्या. पण तुमच्या गल्लीत काय चाललंय ते त्या केंद्राला कळत नाही, म्हणून स्वतःचं यंत्र.

वर्गातल्या खिडक्यांचं थंडीतलं वेळापत्रक आमच्याकडे असं आहे. पोरं येण्याआधी, म्हणजे साडेआठला, खिडक्या उघडत नाही. आदल्या दुपारी चारला भरपूर उघडून घेतो. नऊपासून रस्त्याकडच्या लावलेल्या, मागच्या चौकाकडची एक चार बोटं उघडी आणि फिल्टर चालू. दर पाऊण तासाला, तास बदलताना, दोन्ही बाजूंच्या खिडक्या आणि दार पाच मिनिटं सताड उघडायचं. पाच मिनिटांत धूळ थोडी येते, पण कोंडलेली हवा बरीच निघून जाते. पुन्हा लावल्यावर फिल्टर ती धूळ वीसेक मिनिटांत खाली आणतो. नुसती अर्धवट उघडी खिडकी दिवसभर ठेवण्यापेक्षा हे आमच्या वहीत जास्त वेळा बरं ठरलं. वारा पश्चिमेचा झाला, की सगळं उघडं.

मार्च ते मे सोपं: वारा असतो, खिडक्या उघड्या. एसी लावायचाच असेल तर एक खिडकी चार बोटं उघडी ठेवा. बिल वाढतं. वाढू द्या, किंवा एसी २६ वर ठेवून पंखा लावा. पावसाळ्यात हवा धुऊन निघते, तेव्हा धुळीची काळजी सोडा. ओलीची करा, त्याचं पुढे. ऑक्टोबरात उकाड्यासोबत धूळ परत येते. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशी सगळी खोली, पंख्याच्या पात्यांसकट, ओल्या फडक्याने पुसून घ्या. फटाक्यांची काजळी बंद खोलीतही येऊन बसलेली असते.

तुमच्या खोलीला एकाच बाजूला खिडकी असेल तर उघडूनही हवा हलत नाही. तेव्हा भिंतीत वर बाहेर फेकणारा एक्झॉस्ट पंखा लावा आणि त्याच्या समोरच्या बाजूने, दाराखालून किंवा दारावरच्या झरोक्यातून, हवा आत यायला वाट ठेवा. वाट नसेल तर पंखा नुसता घरघरतो. बसवण्याआधी एक अगरबत्ती पेटवून, पोरं नसताना, तिचा धूर कुठे झुकतो ते बघा. एका पाळणाघरात मी पाहिलं की एक्झॉस्ट लावल्यावर हवा पार्किंगकडच्या दारातून ओढली जात होती, गाड्यांच्या धुरासकट. दार बदललं, प्रश्न सुटला. पंखा बसवणं जमत नसेल तर साधा टेबल पंखा खिडकीत बाहेर तोंड करून ठेवा.

आता जाळी. मुंबईत खिडकी उघडायची तर डासांची जाळी हवीच, डेंग्यू-मलेरियाशी कोण खेळणार. पण आमची जाळी काढून बघितली तेव्हा ती करड्या लोकरीसारखी झाली होती. बोटाने दाबली तर भोकं दिसेनात. वारा अडत होता तो तिथे. जाळी सुटी निघेल अशीच बसवून घ्या आणि महिन्याला नळाखाली धरा. खिडकी उघडी म्हणजे ग्रिल पक्कं, आणि खिडकीखाली खुर्ची-कपाट नाही. पोरं चढतात.

तिसरी पायरी: धूर आणि भुकटी आपणच करतो ती

वहीतल्या माझ्या आकड्यांमध्ये सर्वांत मोठा डोंगर बांधकामाचा नव्हता. तो गुरुवारचा होता. दर गुरुवारी सकाळी दत्ताच्या तसबिरीपुढे आम्ही धूप घालायचो, पोरं नमस्कार करायची, छान वाटायचं. पीएम २.५ चारशेच्या पुढे. धूप मीच घालत होते, त्यामुळे दोष द्यायलाही कुणी नव्हतं. मावशींना सांगताना जीभ जड झाली, त्या म्हणाल्या, "देवाला धूर कशाला हवा, फूल चालतं की." आता सकाळी फूल, आणि धूप संध्याकाळी पोरं गेल्यावर ओट्यावर. अगरबत्ती, लोबान, कापूर सगळ्याला हेच. कापराच्या वड्या पोरांच्या हाताला लागतील अशा ठेवूच नका. पोटात गेल्या तर झटके येतात.

डासांची कॉइल पाळणाघरात झोपेच्या वेळी लावलेली मी अजूनही बघते. एका कॉइलमधून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या बरोबरीचे, असं मोजमाप २००३ साली प्रसिद्ध झालं होतं. कॉइल बाद. जाळी, मच्छरदाणी आणि साचलेलं पाणी ओतून देणं, एवढं पुरतं.

केर. कुंचा कोरडा फिरवला की बसलेली धूळ उठते आणि बराच वेळ हवेत राहते. आमच्याकडे मावशी पावणेनऊला केर काढायच्या आणि नऊला पोरं यायची. म्हणजे अगदी ताज्या उठलेल्या धुळीत. आता केर पोरं गेल्यावर, खिडक्या उघडून, आधी ओलं फडकं फळ्यांवरून, मग लादी. सकाळी फक्त ओला पोछा. चपला दाराबाहेर, पालकांच्याही. सतरंजी आणि कापडी खेळणी आठवड्याला उन्हात. धुता येतील ती गरम पाण्यात. गालिचा असेल तर काढून टाका, तो धुळीचं कोठार असतो. खडू असेल तर ओल्या फडक्याने फळा पुसा. आणि अंघोळीनंतर पोराच्या अंगावर उधळतात ती पावडर पाळणाघरात बंद करा: त्या पांढऱ्या ढगात बाळाचं नाक पहिलं असतं.

फिनेलचा उग्र वास म्हणजे स्वच्छता, हा आपला जुना समज. रोजच्या लादीला साबणाचं पाणी पुरतं. जंतुनाशक लागेल तिथे, उलटी-शी झाली तिथे, पोरांना दुसऱ्या खोलीत नेऊन वापरा. संडास धुण्याचं अॅसिड आणि ब्लीच एकत्र कधीच नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो. संडासातल्या आणि कपाटातल्या डांबराच्या गोळ्याही काढा. जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या मुलांमध्ये त्यामुळे रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि कुठल्या मुलाला ही कमतरता आहे हे बहुधा आई-बापांनाही ठाऊक नसतं.

रंगकाम आणि नवं प्लायवूडचं फर्निचर मेच्या सुट्टीच्या सुरुवातीलाच करून घ्या, जूनच्या आदल्या आठवड्यात नाही. वास गेला पाहिजे, आणि तो जायला उघड्या खिडक्यांचे दोन-तीन आठवडे लागतात. घराच्या रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नको असा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे, त्यामुळे डबा घेताना तसं छापलंय का बघा. त्याआधीचे जुने रंग दारा-खिडक्यांवर पोपडे धरून असतात. ते कोरडे खरवडू देऊ नका, ओले करून काढा आणि पोरांना त्या दिवशी सुट्टी द्या.

कबुतरांचं काय करायचं? २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये कबुतरखाने बंद करण्यावरून शहरात केवढा गदारोळ झाला, दादरला कबुतरखान्यावर ताडपत्री चढली. माझ्या मते भूतदया आणि नर्सरीची खिडकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुकलेल्या विष्ठेची आणि पिसांची भुकटी सतत श्वासात गेली तर काहींच्या फुफ्फुसांना सूज येते आणि दुर्लक्ष झालं तर फुफ्फुसं कायमची आखडतात. एसीच्या बाहेरच्या युनिटवर, खिडकीच्या छज्जावर, डक्टमध्ये घरटी बघा. साफ करताना आधी साबणाच्या पाण्याने पूर्ण भिजवा, मग खरवडा. एन-९५ मास्क, हातमोजे, शनिवारची दुपार. नंतर जाळी मारून घ्या. कोरडी विष्ठा झाडूने उडवणं हा सर्वांत वाईट मार्ग.

स्वयंपाकाचा ओटा वर्गाला लागून असेल तर दूध तापवतानाही एक्झॉस्ट चालू. आणि बाथरूममध्ये गॅस गीझर असेल, तर तो बंद खोलीत वापरायचाच नाही. त्यातून निघू शकणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

चौथी पायरी: ओल

जूनमध्ये पहिली ओल बहुतेक कपाटामागे धरते. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून ठेवा, म्हणजे हवा खेळते आणि डाग वेळेत दिसतो. काळी-हिरवी बुरशी दिसली तर त्यावर नुसता रंग मारून उपयोग नसतो. सहा आठवड्यांत ती रंगातून परत डोकावते. पाणी कुठून येतं ते शोधा: वरच्या मजल्याचं बाथरूम, गच्ची, बाहेरच्या भिंतीची चीर, फुटका पाइप. तळमजल्याला बऱ्याचदा जमिनीतूनच ओल चढते, तिथे सोसायटीच्या सेक्रेटरींना सोडू नका. डाग लहान असेल तर साबणाच्या पाण्याने घासून, पूर्ण कोरडा करून घ्या. भिजलेली गादी, उशी, पुठ्ठ्याची खोकी दोन दिवसांत कोरडी झाली नाहीत तर टाकून द्या. मला पुठ्ठ्याच्या खोक्यांचा फार लोभ होता, हस्तकलेसाठी. एका ऑगस्टात वास कुठून येतो म्हणून शोधत गेले तर तिथूनच.

पावसाळ्यात एसीचा उपयोग खरं तर थंडाव्यापेक्षा 'ड्राय'साठी, म्हणजे हवा कोरडी करायला करा. खोलीतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या आसपास आली तर बुरशी आणि धुळीतले माइट्स (डोळ्यांना न दिसणारे किडे) दोन्ही मंदावतात. पण पोरं आत असतील तर एसी चालू असतानाही खिडकीची ती चार बोटं उघडीच. मावशी दोऱ्या बांधून पोरांचे ओले कपडे, पुसणी वर्गात वाळत घालतात. ते सगळं पाणी शेवटी भिंतीत जातं. त्यांना पॅसेज द्या. एसीची जाळी पंधरवड्याला धुवा.

पाचवी पायरी: आता प्युरिफायर

इथपर्यंत केलंत तर प्युरिफायर लहान लागतो, किंवा थंडीचे चार महिनेच लागतो. घेताना जाहिरात वाचू नका, सीएडीआर वाचा, म्हणजे तासाला किती घनमीटर हवा स्वच्छ करतो ते. हिशेब साधा आहे. आमची खोली २० बाय १५ फूट, उंची साडेनऊ: २,८५० घनफूट, म्हणजे सुमारे ८१ घनमीटर. हवा तासाला पाच वेळा गाळली जावी म्हटलं, तर ८१ गुणिले ५, साधारण ४०५. खोक्यावरचा आकडा सर्वांत वरच्या वेगाचा असतो आणि त्या वेगाला एवढा आवाज होतो की गोष्ट सांगता येत नाही, मग शिक्षिका गुपचूप वेग कमी करते. म्हणून एका ४०० च्या यंत्रापेक्षा तीनशे-तीनशेची दोन घ्या आणि मधल्या वेगावर चालवा. खरा हेपा फिल्टर, म्हणजे अगदी बारीक कणही अडवणारा, असावा. आयोनायझर, ओझोन सोडणारी, 'फ्रेश' वास देणारी यंत्रं नकोत; ओझोन पोरांच्या श्वासनळ्यांना चरचरतो. फिल्टर बदलण्याचा खर्च आधीच विचारा, कारण पहिल्या वर्षानंतर कोपऱ्यात बंद पडलेली यंत्रं मी बऱ्याच ठिकाणी पाहिली आहेत.

आणि हे पक्कं धरा: प्युरिफायर धूळ गाळतो, कोंडलेला श्वास बाहेर काढत नाही. तो चालू आहे म्हणून पाच मिनिटांची खिडकी चुकवायची नाही. गोवरासारख्या आजाराचा विषाणू रुग्ण निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो; २०२२ च्या शेवटी गोवंडी भागात जी साथ आली, ती लसीकरणाची गोष्ट होती, पण कोंदट खोलीत असे आजार पसरायला सोपे जातात हेही खरं.

कुंड्यांबद्दल पालक नेहमी विचारतात. 'नासा'चा १९८९ चा जो प्रयोग सगळे सांगतात तो बंद पेटीतला होता. वर्गात तेवढा परिणाम हवा असेल तर पोरांना बसायला जागा उरणार नाही. झाडं लावा, बघायला चांगली असतात. कुंडीखालच्या थाळीत पाणी साचू देऊ नका.

सहावी पायरी: भिंतीपलीकडचे लोक

बांधकामाच्या धुळीसाठी मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये नियमावली काढली: चहूबाजूंनी उंच पत्रे, इमारतीला ओलं हिरवं कापड किंवा तागाचं आच्छादन, पाण्याची फवारणी, डेब्रिसच्या गाड्या झाकलेल्या. आमच्या शेजारी पत्रे होते, फवारणी नव्हती. भांडून काही झालं नाही. मग मी आठवडाभराची वही आणि गेटवरून काढलेले फोटो, तारीख-वेळेसह, वॉर्ड ऑफिसात दिले आणि १९१६ वर तक्रार नोंदवून नंबर घेतला. पंधरा दिवसांनी टँकर यायला लागला. साइटच्या सुपरवायझरशी एक मात्र आधीच ठरवता येतं: तोडफोड आणि डेब्रिस भरणं दुपारी एकनंतर, पोरं गेल्यावर. आमचा तयार झाला, कारण त्याचंही पोर बालवाडीत होतं.

गेटवर पोरांना आणायला येणाऱ्या व्हॅन आणि बाइक इंजिन चालू ठेवून उभ्या असतात, नेमक्या आमच्या खिडकीखाली. वॉचमनकडे पाटी दिली, 'इंजिन बंद करा, पोरं आत आहेत.' ही पाटी बाकी सगळ्या उपायांपेक्षा स्वस्त पडली.

ज्यांची बालवाडी चाळीत किंवा वस्तीत, दहा बाय बाराच्या एका खोलीत भरते, त्यांना यातलं बरंच लागू पडत नाही, हे मला माहीत आहे. देवनारच्या कचराभूमीला जानेवारी २०१६ मध्ये आग लागली तेव्हा आसपासच्या पालिका शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. तिथे खिडकीचं घड्याळ काय करणार. तरी तीन गोष्टी तिथेही जमतात: केराची वेळ बदलणं, कॉइल-धूप बंद, आणि दारावर झरोका ठेवून समोर एक छोटा एक्झॉस्ट. छपराचे जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांना भोक पाडू नका, तोडू नका. त्यात बहुधा अॅस्बेस्टॉस असतं. एक्झॉस्टसाठी भिंत फोडा.

सातवी पायरी: पोराकडे बघा

आकडे चांगले आणि पोर खोकतंय, तर पोराचं ऐका. शिक्षिकांनी हजेरीच्या वहीत एक रकाना करावा: कोण खोकलं, कोण नाक चोळतं, कोण धावून आल्यावर बाकीच्यांपेक्षा जास्त वेळ धापा टाकतं. शनिवार-रविवारी घरी बरं आणि सोमवारी वर्गात बिघडतं, असं दिसलं तर संशय खोलीवर. उलट असेल तर पालकांशी बोला, हळुवार. घरी कुणी सिगारेट ओढतं का, घराला ओल आहे का, हे विचारताना आपण चौकशी करतोय असं वाटू देऊ नका.

एक ते पाच वर्षांचं मूल शांत असताना मिनिटाला ४० किंवा जास्त श्वास घेत असेल (दोन महिन्यांपासून वर्षाच्या आतलं असेल तर ५०), तर त्याच दिवशी डॉक्टर. पूर्ण एक मिनिट, घड्याळ लावून, छातीकडे बघत मोजा. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत खेचली जात असेल, बोलता-पिता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील तर वाट बघायची नाही, १०८ ला फोन करा आणि त्याच वेळी आई-बाबांना.

दमा असलेल्या मुलांच्या पालकांकडून डॉक्टरांनी लिहिलेला कागद घ्या: रोजचं औषध कुठलं, धाप लागल्यावर कुठलं, किती पफ. 'सवय लागेल' म्हणून इन्हेलर शाळेत न देणारे पालक अजून भेटतात. त्यांना डॉक्टरांशीच बोलायला सांगा, आपण वाद घालू नये. एवढ्या लहान पोराला इन्हेलर नुसता तोंडात देऊन चालत नाही, मास्क लावलेला स्पेसर, म्हणजे इन्हेलर आणि तोंड यांच्यामधली नळी, लागतो, आणि तो कसा धरायचा हे मावशींसकट सगळ्यांनी आईसमोर एकदा करून दाखवायचं.

आमच्याकडे दारामागच्या खिळ्याला प्रत्येक अशा मुलाची कापडी पिशवी असते, नाव टाचलेली: इन्हेलर, स्पेसर, कागद, दोन फोन नंबर. महिन्याच्या पहिल्या सोमवारी मावशी त्या सगळ्या उतरवून टेबलावर मांडतात आणि मी तारखा वाचते. गेल्या खेपेला पाचांपैकी दोन इन्हेलरांची मुदत संपलेली निघाली.